१०×५० बायनॉक्युलर: आकाश बघायची पहिली खरेदी

हौस नवी आणि खिशात पाच-सात हजार असतील, तर टेलिस्कोप घेऊ नका. एवढ्या पैशात ऑनलाइन येतो तो खोक्यावर ‘६७५ पट’ छापलेला लुकडा टेलिस्कोप. भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोन पट, हा या धंद्यातला साधा हिशेब. म्हणजे ७० मिमीच्या भिंगाकडून १४० पटींच्या वर काही मागण्यात अर्थ नाही. त्यात ट्रायपॉड असा की फोकसच्या चाकाला बोट लागलं, की चंद्र चौकटीबाहेर. तेवढ्याच पैशात १०×५० चं बायनॉक्युलर येतं. मराठवाड्यात शहराबाहेर अर्धा-पाऊण तास गेलं की मिळणाऱ्या आभाळाला ते पुरून उरतं.

१० म्हणजे दहा पट मोठं दिसणं, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ५० ला १० ने भागलं की ५ येतात; डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत तेवढे मिलिमीटर रुंद असतो. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमी उघडते, पन्नाशीकडे ती ५ च्या आसपास येते. म्हणून घरात सगळ्यांनी मिळून वापरायचं असेल तर १०×५० बरं. ७×५० मधला बराच प्रकाश वडीलधाऱ्यांच्या बाहुलीबाहेरच सांडतो. २०×८० हातात स्थिर राहत नाही. झूमवालं तर नकोच, त्यात दृश्य अरुंद होतं आणि झूम फिरवताना दोन्ही नळ्या एकमेकींशी जुळून राहत नाहीत. आरशासारखी लाल चमकणारी भिंगं दिसायला झोकात, पण त्यांच्यावरचा लेप लाल प्रकाश परत फेकतो, आकाशासाठी निरुपयोगी. भिंगात हिरवट-जांभळी मंद झाक दिसली तर लेप बरा समजायचा.

संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत निवड थोडीच असते, त्यामुळे बहुतेकांचं खोकं कुरिअरनेच येतं. परत करायची मुदत संपायच्या आत, दिवसाउजेडी दोन चाचण्या करा. पहिली: बायनॉक्युलर हातभर लांब धरून उजळ आभाळाकडे रोखा (सूर्याकडे चुकूनही नाही) आणि डोळ्याच्या बाजूच्या भिंगात दिसणारं प्रकाशाचं वर्तुळ बघा. ते पूर्ण गोल असेल तर आतले प्रिझम (काचेचे लोलक) चांगल्या काचेचे, ज्यांना बॅक-४ म्हणतात. कडा करड्या आणि वर्तुळ चौकोनाकडे झुकलेलं असेल तर बीके-७, म्हणजे त्याहून साधी काच. तेवढ्यावरून परत पाठवायची गरज नाही, पण बॅक-४ चे पैसे मात्र देऊ नका.

दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची, कारण कुरिअरमध्ये आपटलं की प्रिझम जागचा हलतो. दूरच्या विजेच्या खांबाच्या आडव्या पट्टीवर फोकस करा आणि बायनॉक्युलर डोळ्यांपासून हळूहळू वीतभर मागे घ्या. दोन्ही वर्तुळांत ती पट्टी एकाच उंचीवर दिसली पाहिजे. एकीकडे वर, दुसरीकडे खाली दिसली तर नळ्या जुळलेल्या नाहीत. डोळे जोर लावून दोन चित्रं एक करतात, म्हणून खोट आधी कळत नाही. दहा मिनिटांत डोकं धरतं. असा नग सरळ परत करावा. बाजूचे स्क्रू पिळून बघायच्या भानगडीत पडू नये, वॉरंटीही जाते आणि नळ्याही जुळत नाहीत.

‘धूसर दिसतं’ ही नव्या लोकांची कायमची तक्रार, आणि बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. मग उजव्या नळीला पुढून झाकण लावा, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला तारा टाचणीच्या टोकाएवढा करा. आता झाकण डावीकडे. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून तोच तारा टोकदार करा. कडीवरची खूण ध्यानात ठेवा. पुढे तुमच्यापुरतं फक्त मधलं चाक फिरवायचं. चष्मेवाल्यांनी घेण्याआधी ‘आय रिलीफ’ बघावं, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब असला तरी पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर. १५ मिमीच्या वर असेल तर चष्म्यासकट पूर्ण दृश्य दिसतं. स्वस्त मालात ते बरेचदा १०-१२ मिमीच असतं. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस जुळतो, तिरपा (सिलिंड्रिकल) नंबर असेल तर नाही.

वजन पाऊण ते एक किलो. उभ्याने हात दोन मिनिटांत थरथरायला लागतात आणि दहा पटीत ती थरथरही दहा पट. सगळ्यात भारी सोय बाजेवर उताणं पडण्याची. नाहीतर गच्चीच्या कठड्यावर किंवा गाडीच्या टपावर कोपरं टेकवा. मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला बरेचदा टोपण असतं, त्यामागे पाव इंची आटे. एल आकाराचा अ‍ॅडाप्टर लावला की कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर बसतं. रानात ट्रायपॉडचे पाय काळ्या मातीत रुततात, खाली फरशीचे तुकडे ठेवा.

आपल्याकडे खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि गंमत म्हणजे साखर कारखान्यांचा गाळप हंगामही तोच. धाराशिव-लातूरकडे कारखान्याच्या दिव्यांचा उजेड लांबवर आभाळात चढतो, तेव्हा जागा निवडताना तो पाठीशी येईल असं बघा. पाणी दिलेल्या ज्वारीच्या कडेला बसू नका, भिंगावर लवकर दव धरतं. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, मोबाईल एकदा पाहिला की पहिल्यापासून सुरुवात. बॅटरीला लाल जिलेटिन कागद गुंडाळा, पायाखालचं दिसेल इतपत उजेड हवाच. रानात विंचू-काटा असतो.

नोव्हेंबरात रात्री नवाच्या सुमारास उत्तरेला उंच देवयानीची दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी), लांबुडका धुरकट ठिपका. जानेवारीत कृत्तिका, साध्या डोळ्यांना सहा-सात तारे, इथे कितीतरी जास्त. मृगाच्या पोटातल्या बाणाखाली तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा चमकता ढग. चंद्र पाहायचा तो शुद्ध षष्ठी ते अष्टमीला, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला तो सपाट दिसतो. हात टेकवलेले असतील तर गुरूचे चार चंद्र ओळीत दिसतात. शनीची कडी दिसणार नाही. त्याला निदान २५ पट लागतात, दहा पटीत शनी फार तर लांबट ठिपका. कडीसाठीच जीव तुटत असेल तर पैसे साठवा, हे घेऊ नका.

मराठवाड्याची खास मजा दक्षिणेला आहे. ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ लंडनहून कधी उगवतच नाही; लातूरहून तो क्षितिजावर सुमारे २४ अंश चढतो. मेच्या मध्यात रात्री दहा-साडेदहाला तो थेट दक्षिणेला असतो, पण तेव्हा धूळ फार. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पहाटे चारच्या सुमारास आभाळ स्वच्छ मिळतं. रात्रीच्या लायटीला मोटार चालू करायला रानात जाणाऱ्यांना तर वेगळं जागावंही लागत नाही. कापसाच्या बोंडासारखा मऊ, गोल ठिपका दिसला की तोच.

धुळीचा मुलूख आहे, तेव्हा भिंग उपरण्याने किंवा शर्टाच्या टोकाने पुसू नका. त्यातले बारीक खडे लेपावर चरे पाडतात. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर लेन्सचं कापड. जून ते सप्टेंबर भिंगावर बुरशी धरते, एकदा आत शिरली की साफसफाईचा खर्च नव्या बायनॉक्युलरच्या घरात जातो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे खडे ओल पिऊन गुलाबी झाले की मंद आचेवर भाजून पुन्हा निळे होतात. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून त्यासाठी घेतलेला तवा परत भाकरीला वापरू नका.