हरवलेल्या चावीच्या जागी बनवलेली नवी चावी, दहा महिने वापरून

मागच्या ऑगस्टात नागपूरच्या फुटाळा तलावावर भुट्टा खाऊन गाडीजवळ आलो तर चावी गायब. रिमझिम पाऊस, बायको-पोरगी छत्रीत उभ्या, मी मोबाईलच्या टॉर्चमध्ये चिखल तुडवून राहिलो, भुट्टेवाल्यानं बिचाऱ्यानं शेगडीखाली पण पाहिलं. नाही ते नाहीच. गाडी २०१६ ची, सेकंडहँड घेतलेली, मिळाली तेव्हाच एक चावी होती आणि मी "बनवून घेऊ दुसरी कधीतरी" म्हणत तीन वर्षं काढली. शेवटी ऑटोनं घरी.

सोमवारी शोरूमला फोन केला. साडेअकरा हजार, आठ-दहा दिवस, आणि गाडी टो करून आणा म्हणे. इन्शुरन्समध्ये चावीचं ॲड-ऑन असते हे तेव्हा समजलं, मी घेतलं नव्हतं. बर्डीच्या बाजारातल्या साध्या चावीवाल्याकडून कापून घ्यायचा विचार केला होता, पण तशा चावीनं दरवाजा उघडते, गाडी चालू नाही होत. चावीच्या प्लॅस्टिकमध्ये गव्हाएवढी एक चिप असते, इग्निशनभोवतीची कॉईल ती वाचते, नंबर जुळला तरच इंजिन चालू राहते. त्या चिपला सेल पण लागत नाही राजेहो, सेल फक्त रिमोटच्या बटनांसाठी.

मग एका मित्रानं जागेवर येऊन प्रोग्रामिंग करणारा माणूस सांगितला. आल्या आल्या म्हणे, "भाऊ, पहिले आरसी अन् आधार दाखवा." मला तिथंच भरवसा आला, जो काहीच विचारत नाही तो उद्या कोणाचीही गाडी उघडून देईल. दरवाजाच्या कुलुपात बारीक अवजार घालून त्यानं लॉक उघडलं, त्यातूनच खाचा मोजल्या, व्हॅनमधल्या मशीनवर चावी कापली. मग स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायच्या जागेला, टॅबलेट लावला आणि इग्निशन ऑन ठेवून बसला. मधेच व्होल्टेज पडू नये म्हणून व्हॅनच्या बॅटरीची केबल पण जोडून ठेवली. तास-सव्वातास लागला, ४,८०० घेतले. जाताना म्हणे, "जुनी चावी सिस्टीममधून काढून टाकली, आता कोणाला सापडली तरी गाडी चालू नाही होत."

आता वापराचं. चिपनं दहा महिन्यांत एकदाही दगा दिला नाही. भर मे महिन्यात ऑफिसबाहेर दिवसभर उन्हात तापलेली गाडी पण एका सेल्फमध्ये चालू. पण बाहेरचं कव्हर भंगार आहे. लॉकच्या बटनाचं रबर मे महिन्यातच नरम होऊन आत बसलं, आता नखानं दाबा लागते. रेंज पण कमी, आधीच्या चावीनं तिसऱ्या माळ्याच्या बाल्कनीतून लॉक होत होतं, हिला गाडीजवळच जा लागते. सेल बदलून पाहिला, २०३२ नंबरचा साधा बटन सेल, काही फरक नाही. पहिला आठवडा दरवाजात चावी अडकत पण होती, त्यानं बोलावून घेऊन कानशीनं दोन हात मारून दिले, पैसे नाही घेतले.

आणि खरी गंमत आता जूनमध्ये झाली. पहिल्या पावसाला रेनकोट काढला तर खाली घेराशी काहीतरी टणक लागलं. खिसा फाटका, चावी अस्तरात घसरून दहा महिने तिथंच! बायको काही बोलली नाही, फक्त पाहत राहिली. मी तसाच खाली गेलो. जुन्या चावीनं दरवाजा मस्त उघडला, म्हणजे चोराला सापडली असती तर आतलं सामान गेलंच असतं, त्यासाठी लॉकच बदला लागते. सेल्फ मारला, इंजिन दोन सेकंद चाललं आणि बंद, डॅशबोर्डवर चावीचा लाल दिवा टिमटिम. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. त्याचं काम चोख होतं.

त्याच माणसाकडे घेऊन गेलो, एक चालू चावी हातात असल्यामुळे पंधरा मिनिटांत जुनी परत जोडून दिली, ७०० रुपये. आता रोज जुनीच वापरतो, नवी देवघराशेजारच्या खिळ्याला टांगली आहे. रेनकोटचा खिसा मात्र अजून शिवायचाच आहे.