गॅस, फर्नेस ऑइल की ब्रिकेट? बॉयलर घेताना नोंदवहीचाही हिशेब करा

मरोळची लाँड्री असो, भिवंडीचे प्रोसेस हाउस असो की तळोज्यातला कारखाना, तासाला दोन-तीन टन वाफ देणारा बॉयलर घ्यायचा म्हटले की सगळी चर्चा एका प्रश्नावर येते: टनभर वाफ कितीला पडेल? या हिशेबात ब्रिकेट, म्हणजे शेतीचा काडीकचरा किंवा भुसा दाबून केलेले ठोकळे, बहुधा बाजी मारते. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटमुळे, म्हणजे कारखाना चालवण्याच्या परवानगीमुळे, प्रत्येक इंधनामागे वेगळी लिखापढी येते. ती रोज कोण करणार, हे कोणत्याच कोटेशनमध्ये नसते.

काही गोष्टी तिन्हीकडे सारख्याच. कन्सेंटमध्ये इंधनाचे नाव आणि रोजचे प्रमाण लिहिलेले असते, त्यामुळे इंधन बदलायचे तर आधी कन्सेंटमध्ये दुरुस्ती. चिमणीवर एस-1 असा क्रमांक रंगवायचा, धुराचा नमुना घ्यायला पोर्टहोल (चिमणीला ठेवलेले भोक), शिडी आणि प्लॅटफॉर्म द्यायचा, ठरल्या मुदतीत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासणी करून घ्यायची. 31 मार्चला संपलेल्या वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, 30 सप्टेंबरपर्यंत भरायचे. बॉयलर निरीक्षकाचा दाखला यात धरू नका. तो सुरक्षिततेचा, धुराशी त्याचा संबंध नाही. बरेच मालक मंडळाच्या माणसासमोर आधी तोच काढून ठेवतात.

गॅसचे काम सर्वांत हलके. महानगर गॅसचे बिल आणि मीटरचे रीडिंग मिळून इंधनाची नोंद तयार होते. राख नाही, गंधक नगण्य, धूळ पकडायला बॅग फिल्टर नाही. राहतो तो बर्नर. ट्यूनिंग कधी केले, तेव्हा ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड किती होते, एवढे लिहून ठेवले आणि चिमणीचे अहवाल तारखेवार लावले की झाले. हे काम एक जबाबदार बॉयलर अटेंडंट बाकीची कामे सांभाळून करू शकतो.

फर्नेस ऑइल, म्हणजे जड जळाऊ तेल. त्यात सगळा मामला गंधकाचा. कन्सेंटमध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा बऱ्याचदा दिवसाला किलोमध्ये दिलेली असते, आणि एक किलो गंधक जळले की साधारण दोन किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो. दिवसाला 500 किलो तेल, त्यात एक टक्का गंधक, म्हणजे 10 किलो सल्फर डायऑक्साइड. म्हणून प्रत्येक टँकरसोबत पुरवठादाराचे टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या. ते नसेल तर रोजच्या वापराची वही कितीही सुबक असली तरी तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. शिवाय टाकीच्या तळाचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. त्याची वेगळी परवानगी, फॉर्म तीनमधली नोंद, गाडीसोबत मॅनिफेस्ट (कचरा कोठून कोठे गेला याचा कागद) आणि 30 जूनपर्यंत फॉर्म चारमधले वार्षिक विवरण. गाळ वर्षातून एकदाच निघतो म्हणून हे सहज विसरले जाते. मला तरी तीन पर्यायांत हाच सर्वांत कमी पटतो: गॅसची सोय नाही आणि ब्रिकेटची स्वस्ताईही नाही.

ब्रिकेटची वही मात्र जाडजूड. येणाऱ्या प्रत्येक गाडीची काटा पावती, रोज जाळलेले वजन, निघालेली राख, ती कोणी नेली त्याचे चलान. ही राख फॉर्म पाचमध्ये घनकचऱ्याच्या भागात दाखवावी लागते. बॅग फिल्टर असेल तर त्याचा दाबफरक (पिशव्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक), पिशव्या बदलल्याच्या तारखा, आणि प्रदूषण नियंत्रण यंत्रणेच्या वेगळ्या वीज मीटरचे रीडिंग. मीटरवर त्या महिन्यात युनिटच पडले नसतील, तर फिल्टर चालू होता हे कोणी मानणार नाही.

खरी मेख आहे धुळीच्या अहवालात. छोट्या बॉयलरसाठी अधिसूचित मर्यादा 2 ते 10 टनांपर्यंत घनमीटरला 800 मिलिग्रॅम आणि 15 टनांपासून पुढे 150 आहे; कन्सेंटमधला आकडा याहून कडक असू शकतो, मग तोच पाळायचा. मोजून आलेला आकडा मात्र धुरात 12 टक्के कार्बन डायऑक्साइड धरून बदलून घ्यायचा असतो, आणि मगच मर्यादेशी ताडायचा. समजा कन्सेंटमध्ये 150 लिहिले आहे आणि मोजमाप आले 90. मालक खूश. पण त्या वेळी धुरात कार्बन डायऑक्साइड सहाच टक्के होता, म्हणजे जादा हवेने धूर पातळ झाला होता. 90 ला 12 ने गुणा, 6 ने भागा: 180. नापास. हाताने भरणा होणाऱ्या भट्टीचे दार सारखे उघडत असेल तर हे हटकून होते. म्हणून अहवालात कार्बन डायऑक्साइडचा रकाना आहे का ते आधी पाहा, आणि नमुना घेताना बॉयलर किती लोडवर, म्हणजे क्षमतेच्या किती टक्क्यांवर, होता ते आपल्या वहीत लिहा. अर्ध्या लोडवरच्या अहवालाने फाइल भरते, पण त्यावरून पूर्ण लोडवरच्या धुराचा अंदाज येत नाही.

केंद्रीय मंडळाच्या यादीतल्या सतरा अतिप्रदूषक उद्योगांपैकी एखाद्यात तुमचा कारखाना मोडत असेल तर चिमणीवर धूर सतत मोजून आकडे मंडळाला पाठवणारी ऑनलाइन यंत्रणा बसवण्याचा प्रश्नही येतो. तिथे वहीऐवजी कॅलिब्रेशनच्या, म्हणजे यंत्र बरोबर मोजते का हे पडताळल्याच्या, नोंदी आणि तुटलेल्या डेटाची कारणे सांभाळावी लागतात.

माझे मत असे. मुंबई शहरात, तीन टनांपर्यंत, दारात गॅसची पाइपलाइन असेल तर गॅसच घ्या. वाफ महाग पडली तरी. भिवंडी किंवा तळोज्यात मोठा बॉयलर चोवीस तास चालणार असेल तर ब्रिकेटचा विचार जरूर करा, पण नोंदींसाठी प्रत्येक शिफ्टला एका माणसाचा पगार आणि बॅग फिल्टरच्या पिशव्यांचा खर्च त्या टनभर वाफेच्या दरात मिळवा. तरीही फरक उरला, तर ब्रिकेट घ्यायला हरकत नाही.