चामड्याचं कवच दुरुस्तीला देण्याआधी हे वाचा (बडोदा)

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं. पाणी ओसरल्यावर गाद्या, फ्रिज, स्कूटर दुरुस्त करणाऱ्यांची शहरात रीघ लागली. बहुतेक जण प्रामाणिक होते, त्यांनी लोकांचे संसार पुन्हा उभे करून दिले. पण त्या गर्दीत काही जण दुसऱ्याच हेतूने फिरत होते, आणि त्यांतल्या एकाने आम्हाला फसवलं. माणसाचं आणि दुकानाचं नाव मी देत नाही, कारण तक्रार चालू आहे. त्याची पद्धत मात्र पूर्ण सांगते. कॉसप्ले करणारी, म्हणजे सिनेमा-कॉमिकमधल्या पात्रांचा पोशाख घालून मिरवणारी मुलं आता आपल्याकडेही पुष्कळ आहेत. नाटकवाल्यांकडे चामड्याचे पट्टे, म्यानं, ढाली असतात. त्या सगळ्यांच्या हे कामाचं आहे.

पोशाख माझ्या भाच्याचा. योद्ध्याचं छातीचं कवच, खांद्यावरचे एकावर एक येणारे तुकडे, मनगटबंद, कमरेचा रुंद पट्टा आणि उंच बूट. बूट सोडले तर सगळं त्याने घरी बनवलं. साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीचं, झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं त्याने मागवलं होतं. हे चामडं ओलं करून हवा तसा आकार देता येतो, त्यावर ठसे उठतात, आणि वाळलं की आकार धरून राहतं. क्रोमने कमावलेलं मऊ चामडं जॅकेटला चांगलं, कवचाला त्याचा उपयोग नाही. शिवण हाताची, मेण लावलेल्या दोऱ्याची, दोन सुयांनी घातलेली. बक्कलं भरीव पितळेची. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्याला, तो हे घालून गेला तेव्हा अनोळखी लोक थांबून शिवणीवर बोट फिरवून बघत होते. त्या पोराच्या किती रात्री त्यात गेल्या आहेत हे मी पाहिलंय, म्हणून हे सगळं मला इतकं लागलं.

पाणी आमच्या तळमजल्यात आलं, पोशाख वरच्या मजल्यावर होता. तो भिजला नाही. पण घर बरेच दिवस बंद आणि कोंदट राहिलं, आणि पेटी उघडली तेव्हा कवचावर आणि बुटांवर पांढुरका थर दिसला. खाली चिखल उपसणं चालूच होतं. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी एक जाहिरात पुढे पाठवली होती: पुरात खराब झालेलं चामडं घरी येऊन मोफत तपासून देऊ. फोन केला, दुसऱ्या दिवशी माणूस हजर. पांढरा कोट, हातमोजे, हातात आकडे दाखवणारं यंत्र.

त्याने ते यंत्र कवचावर टेकवलं आणि मला मोठा आकडा दाखवला. मग खिशातून पांढरं फडकं काढून कवचाच्या काठावर घासलं. फडकं तपकिरी झालं. "बेन, चामडुं अंदरथी सडी रह्युं छे" (ताई, चामडं आतून सडतंय), तो अगदी हळू आवाजात म्हणाला. बुरशी आत गेलीय, आठवडाभरात सगळं भुगा होईल, इतर कपड्यांनाही लागेल.

हे दोन्ही प्रयोग खोटे आहेत. दोन टोचे असलेलं ते यंत्र लाकडातली ओल मोजायचं असतं, त्याचे आकडे लाकडाच्या हिशेबाने बसवलेले असतात. चामड्यातले क्षार आणि टॅनिन वेगळे, त्यामुळे तिथे दिसणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि त्या फडक्याला नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास येत होता. म्हणजे अ‍ॅसिटोन. तो नव्याकोऱ्या, धडधाकट चामड्यावरही घासला तरी वरचं फिनिश विरघळतं आणि रंग फडक्यावर येतो. सडण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. कोणी तुमच्यासमोर असं करायला लागलं तर फडकं हातात घेऊन वास घ्या, आणि साध्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने तेच करून दाखवायला सांगा.

त्याने उपचार आणि साठवण असं दुहेरी काम सांगितलं. आधी बुरशी मारणार, मग "नॅनो कोटिंग" करणार, आणि पावसाळा संपेपर्यंत वातानुकूलित लॉकरमध्ये ठेवणार. एकूण चौदा हजार, त्यातले आठ हजार आगाऊ. पावतीवर लिहिलं "लेदर ड्रेस १ सेट". किती तुकडे, किती पट्टे, कसली बक्कलं, काही नाही. खाली बारीक अक्षरांत मालाची जबाबदारी ग्राहकाची. बूट वाहनात मावत नाहीत म्हणून पुढच्या खेपेला नेतो म्हणाला. ते राहून गेले, आणि पुढे तेच आमच्या कामी आले.

दिवाळीच्या तोंडावर पोशाख परत आला. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड चिकटपट्टीने बंद, आत डांबराच्या गोळ्या. लांबून बघितलं तर आरशासारखी चकाकी. मी उरलेले पैसे देऊन बसले होते तेवढ्यात भाचा आला. त्याने कवच उचललं, खांद्याचा पट्टा बोटांत धरून वाकवला आणि म्हणाला, "मावशी, हा पट्टा आपला नाही."

त्याने पट्ट्याची कड मला खिडकीच्या उजेडात दाखवली. खऱ्या चामड्याची कापलेली कड सबंध एकाच तंतूंची असते, वरून खालपर्यंत, आणि मागची बाजू खरखरीत, किंचित केसाळ लागते. या पट्ट्याच्या कडेला तीन थर सरळ दिसत होते: वर रंगाची पातळ साय, मध्ये स्पंजासारखं काहीतरी आणि खाली विणलेलं कापड. रेक्झिन. टाके मशीनचे. आमच्या शिवणीत टाका किंचित तिरका पडतो आणि दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. इथे खालच्या बाजूला वेगळाच दोरा होता. बक्कलाला चुंबक लावला तर चिकटला. पितळेला चुंबक चिकटत नाही, हे मुलामा दिलेलं लोखंड होतं. कवचाचे मोठे तुकडे आमचेच होते, कारण ते बदलता येण्यासारखे नव्हतेच. पट्टे, बक्कलं आणि कमरेचा रुंद पट्टा मात्र सगळे बदललेले. फोन केल्यावर उत्तर मिळालं की उपचारात चामडं आकसतं आणि टाके वेगळे दिसतात. त्यानंतर फोन बंद.

मोठ्या तुकड्यांचं नुकसान हळूहळू दिसायला लागलं. वरची चकाकी म्हणजे जाड अ‍ॅक्रिलिकचा लेप होता, तो वाकण्याच्या जागी पापुद्र्यांनी निघू लागला. त्याखाली इतकं तेल मुरवलं होतं की कवचाचा ताठपणाच गेला, छातीचा फुगार खाली बसला. जुन्या तांब्याच्या रिव्हेटांभोवती हिरवा चिकट मेणचट थर जमला. चामड्यातली जास्तीची चरबी तांब्या-पितळेला लागली की असं होतं. लेपाखाली आणि प्लॅस्टिकमध्ये कोंडलेली ओल बाहेर पडू शकली नाही, म्हणून आतल्या बाजूला खरीखुरी बुरशी धरली. पुराने जे केलं नव्हतं ते या उपचाराने केलं. वातानुकूलित लॉकर म्हणजे काय तेही आम्ही जाऊन पाहिलं: दुकानामागची खिडकी नसलेली खोली, जमिनीवर गठ्ठे, भिंतीला ओल.

मग तो पहिला पांढरा थर काय होता? माझी एक मैत्रीण इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजी शिकली आहे. तो विभाग १९५२ पासून चालतोय, म्हणजे वस्तू कशा जपायच्या हे शिकवणारी जागा आपल्या गावातच आहे. घरी राहिलेल्या बुटांवर तोच थर होता. तिने हेअर ड्रायर लांबून, कोमट हवेवर धरला. थर बघता बघता वितळून नाहीसा झाला. चामड्यातली चरबी गारव्यात आणि दमटपणात पृष्ठभागावर येते, ती ही. निरुपद्रवी. बुरशी असती तर गरम हवेने हलली नसती, तिला मातकट वास असता आणि भिंगातून केसाळ दिसली असती. मऊ फडक्याने पुसलं, बूट आजही ठणठणीत आहेत. त्याच पेटीतल्या कवचाला चौदा हजारांचा उपचार झाला!

चामड्याला लागतं फार थोडं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली की ते सुखात राहतं, ६५-७० च्या वर सतत गेली की बुरशीचा धोका. बडोद्याच्या पावसाळ्यात आर्द्रता सहज ८० च्या वर असते, म्हणून पेटीत काहीशे रुपयांचं आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. झाकायला धुतलेलं सुती कापड किंवा मलमल, प्लॅस्टिक कधीच नाही. कवच धडाच्या आकारावर ठेवा, घडी घालू नका, पट्टे बक्कलात घट्ट अडकवून ठेवू नका. घालून आल्यावर घाम आधी पुसा, एक रात्र सावलीत वाऱ्यावर टांगा, मगच पेटीत. ओलं झालं तर पंख्याखाली सावकाश वाळवा. ऊन, हिटर, बंद गाडी यांनी ओलं चामडं आकसून कडक होतं. तेल वर्षा-दोन वर्षांत एकदा, फडक्यावर थेंबभर घेऊन, आणि ताठ कवचाला शक्यतो नकोच, मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात पुरे. साधं ड्रायक्लीनिंग तर अजिबात नको, त्यातला द्रव चामड्यातली चरबीच ओढून घेतो. बुरशी खरंच आली असेल तर मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटका.

तरी बाहेर द्यायची वेळ आलीच, तर प्रत्येक तुकड्याचा पुढून, मागून आणि कडेचा फोटो काढा आणि त्या माणसासमोरच काढा. पावतीवर तुकडे मोजून लिहून घ्या. वापरणार त्या द्रव्याचं नाव विचारा. "नॅनो" हे नाव नव्हे. मागच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, ठसा मारून ठेवा. पट्टे आणि बक्कलं निघत असतील तर काढून घरीच ठेवा, कारण हात तिथेच मारला जातो.

आम्ही पोलिसांत अर्ज दिला. विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे, फसवणूक कलम ३१८ मध्ये येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. आगाऊ रक्कम ऑनलाइन दिली होती, त्याची नोंद सोबत जोडली. भाच्याने कवच बनवताना काढलेले फोटो सगळ्यात जास्त उपयोगी पडले. त्यांत प्रत्येक टाका दिसतो.

पुरानंतर बडोद्यात कोणी चामड्याची वस्तू अशी घरी येणाऱ्या माणसाकडे दिली असेल, तर आज काढून पट्ट्याची कड बघा आणि बक्कलाला चुंबक लावा. बदललेला पट्टा सापडला तर रागाने फेकून देऊ नका, तो पुरावा आहे. पावतीबरोबर कागदात गुंडाळून ठेवा आणि अर्ज द्या.