करमळीच्या तळ्यावर अडयांचे छायाचित्रण: मार्गदर्शन सेवेचा अनुभव

कोकण रेल्वेच्या करमळी स्थानकाजवळील तळ्यावर थव्याने राहणाऱ्या अडई बदकांची छायाचित्रे टिपण्यासाठी घेतलेली स्थानिक मार्गदर्शकाची सेवा मला मनापासून आवडली. सूर्य पाठीशी राहील अशी बांधावरची जागा त्यांनी निवडली आणि थवा निर्धास्त होईपर्यंत कोणालाही पुढे सरकू दिले नाही. त्यामुळे एकमेकींना खेटून चोचीने पिसे साफ करणाऱ्या अडया अगदी स्वच्छ टिपता आल्या. उडता थवा दिसण्याआधी त्याची शीळ ऐकू येते, तेव्हाच कॅमेरा सज्ज ठेवा, ही सूचना फारच उपयोगी पडली. शेपटीच्या मुळाशी असलेली तांबूस पिसे उड्डाणातच खुलून दिसतात. गटात माणसे मात्र जास्त होती आणि दुर्बिणी अपुऱ्या पडल्या. टाळ्या वाजवून पाखरे उठवायची नाहीत, हा त्यांचा दंडक इतरांनीही पाळायला हवा.