इपॉक्सीच्या नावाखाली पुट्टी भरली, 1,50,000 रुपये गेले

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत आमचं दुमजली घर. 2019 ला आणि परत 2021 ला पंचगंगेचं पाणी तळमजल्यात आलं. गेल्या दिवाळीनंतर दोन कॉलमना उभ्या भेगा दिसल्या, नेमक्या सळईच्या रेषेत. ठेकेदार म्हणाला, "काका, इपॉक्सी ग्राउटिंग करतो, दहा वर्षांची गॅरंटी." म्हणजे भेगेच्या आत पंपानं इपॉक्सी, घट्ट होणारी चिकट राळ, भरायची. ठरले 1,86,500. त्यातले 1,50,000 आगाऊ दिले, रोख. बिल घेतलं तर जीएसटी पडेल म्हणाला. बिलाशिवाय एक रुपया देऊ नका.

तिसऱ्या दिवशी चहा घेऊन खाली गेलो. भेगेवर लावलेल्या निपलला, म्हणजे इपॉक्सी आत सोडायच्या नळीला, हात लागला तर ती सुटून हातातच आली. मागे भोकच नाही! पंप नाही, इपॉक्सी घट्ट करणाऱ्या हार्डनरचा डबा नाही. इपॉक्सी दोन डब्यांची असते, हे मला ठाऊक होतं. "आत मुरतंय काका," कामावरचा पोरगा म्हणाला. आणि मी गप्प बसलो. तिथंच काम थांबवायला हवं होतं! मी अडाणी नाही, जन्म हिशेब तपासण्यात गेला. पण लेक बाळंतपणाला आलेली, कसंही करून काम उरकायचं होतं.

पावसाळ्यात रंग फुगला, तांबूस ओघळ आले. इंजिनिअरनं हातोडी मारली तर बद्द आवाज. आत व्हाइट सिमेंट आणि पुट्टी, त्यामागे गंजून बारीक झालेली सळई. कॉलमला 40 मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, लागतं, आमचं जेमतेम 15. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तोच काँक्रीट फोडतो. म्हणजे खरं इपॉक्सी भरलं असतं तरी फुकटच! आधी टेकू द्यायचे, सैल काँक्रीट फोडायचं, सळईचा गंज मागच्या बाजूनंही घासायचा, गंजरोधक लेप, मग मायक्रोकाँक्रीट, म्हणजे दुरुस्तीसाठी ओतायचं बारीक काँक्रीट. सळईच्या रेषेतली भेग कुणी नुसती बुजवतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पोलीस म्हणतात, दिवाणी मामला. दुसऱ्या कार्यालयात "खासगी घर, आमच्याकडे येत नाही." तिसरीकडे करार मागितला. चार वेळा अर्ज दिला, पोच एकदाच मिळाली. घर पडल्यावर पंचनाम्याला मात्र सगळे येतील! आता 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. कामाचे फोटो रोज काढून ठेवा, माझ्याकडे दोनच आहेत.

नवीन अंदाजपत्रक 2,74,000 चं आहे. खालच्या खोलीत टेकू लावलेत, तिथं कुणाला झोपू देत नाही.