कर्नलमधली मेमरी: गोटू की आपोआप सफाई?

रत्नागिरीहून भाचीने विचारलं, ‘मामा, लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरमध्ये घेतलेली मेमरी सोडायची कशी नि टिपणात लिहायचं काय?’

गोटू (goto) म्हणजे चूक झाली की फंक्शनच्या शेवटी असलेल्या लेबलाकडे, म्हणजे नाव दिलेल्या जागेकडे, उडी मारून मेमरी सोडायची पद्धत. त्यात सफाई डोळ्यांना दिसते. प्रत्येक लेबलाजवळ काय सुटतं ते लिही. पण मध्येच नवं वाटप (मेमरी मागून घेणं) घुसवलं आणि लेबल जुळवायचं राहिलं, की मेमरीची गळती ठरलेली.

२०२३ मध्ये कर्नलच्या ६.५ आवृत्तीत आलेल्या आपोआप सफाईत (__free) व्हेरिएबलची व्याप्ती संपली की मेमरी आपसूक सुटते, म्हणून ती मेहनत वाचते. मात्र सफाई व्हेरिएबलच्या घोषणांच्या (declaration) उलट क्रमाने होते. म्हणून घोषणा आणि वाटप एकाच ओळीत हवं. वर पॉइंटरमध्ये (मेमरीचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) नल (NULL, म्हणजे रिकामा पत्ता) ठेवून खाली वाटप केलंस तर क्रम बिघडू शकतो, आणि हे वाचताना पटकन कळत नाही गं! पॉइंटर फंक्शनबाहेर दिलास तर मालकी, म्हणजे मेमरी सोडायची जबाबदारी, कुणाकडे गेली, हे टिपणात हवंच.

एका फंक्शनमध्ये दोन्ही मिसळू नकोस. लेबलांनी भरलेल्या जुन्या फंक्शनला गोटूच बरं, नव्याला आपोआप सफाई.