गरम पाण्यात पाय: फोल्डिंग टब आठ महिने वापरल्यानंतर

जूनमध्ये घेतलेला फोल्डिंग टब फेब्रुवारीपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा, घरातल्या चार माणसांनी वापरला. जोडीला विजेवर चालणारा फूट स्पाही होता. पावसाळा, ऑक्टोबरचा उकाडा आणि जानेवारीतली कोरडी हवा, तिन्ही बघून झाल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. गरम पाण्यात पाय सोडून बसण्याचा फायदा नक्की होतो, पण पंधरा मिनिटांचं पाणी ही नुसती तयारी आहे. पाय बाहेर काढल्यावरच्या दहा मिनिटांत जे कराल, त्यावर सगळं अवलंबून असतं. बहुतेक जण नेमकी तीच दहा मिनिटं सोडून देतात आणि मग ‘काही फरक पडला नाही’ म्हणतात.

आधी मापं. टबाचा तळ आतून ३० बाय ३५ सेंटिमीटर आहे. आठ नंबरची चप्पल घालणाऱ्याचे पाय त्यात सरळ बसतात, बोटं दुमडावी लागत नाहीत. विकत घेताना बाहेरचं माप सांगतात, त्याला भुलू नये; तळाशी टब निमुळता होतो आणि तीन-चार सेंटिमीटर सहज कमी भरतात. आठ लिटर पाण्यात दोन्ही पाय ठेवले की पाणी घोट्याच्या हाडाला लागतं. अर्ध्या पोटरीपर्यंत हवं असेल तर सोळा-सतरा लिटर लागतात, आणि भरलेला टब उचलून मोरीपर्यंत नेणं एकट्याचं काम राहत नाही. टाचा आणि तळव्यांसाठी आठ लिटर भरपूर झाले.

पाण्याचं तापमान ३८ ते ४० अंश सेल्सियस. ‘सोसेल इतकं गरम’ हे माप चुकीचं आहे, कारण तळव्याची कातडी जाड असते, तिला उशिरा कळतं आणि घोट्याजवळची पातळ कातडी तोवर लाल होते. घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर पाण्यात धरला आणि १०४ फॅरनहाइट दिसलं, की ते ४० सेल्सियस. हा थर्मामीटर सर्वांत जास्त आकडा धरून ठेवतो, म्हणून दुसऱ्यांदा मोजण्याआधी बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघावं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. बोटांनी बघू नये.

प्रमाण असं बसतं: गिझरचं पाणी ६० अंशांचं आणि नळाचं २८ चं धरलं, तर तीन लिटर गरम आणि पाच लिटर गार मिळून बरोबर ४० होतं. गॅसवर उकळलेलं पाणी असेल तर सव्वा लिटर पुरतं, बाकी पावणेसात लिटर नळाचं. टबात आधी गार पाणी, मग गरम. उलट केलं तर एक तर पाय भाजतो, दुसरं म्हणजे टबाच्या घड्यांचा रबरासारखा भाग उकळत्या पाण्याने सैल पडतो. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापलेलं असतं की गिझर लावायची वेळच येत नाही.

पंधरा मिनिटांत पाणी ४० वरून ३७ पर्यंत उतरतं. आठव्या मिनिटाला पाय बाहेर घेऊन अर्धा लिटर गरम पाणी घातलं की सव्वा अंश वर येतं, तेवढं पुरे. पाय आत असताना वरून ओतू नये. वीस मिनिटांच्या पुढे बसण्यात तोटाच आहे: कातडीतला नैसर्गिक तेलकटपणा निघून जातो, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी टाच आधीपेक्षा जास्त ओढल्यासारखी लागते.

आता मीठ. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. नाव इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या झऱ्यांवरून पडलं. आठ लिटरला अर्धा कप, म्हणजे साधारण १२० ग्रॅम. त्यातलं मॅग्नेशियम कातडीतून आत जाऊन स्नायू सैल करतं असं पाकिटावर लिहितात, पण त्याला भक्कम पुरावा नाही. चार महिने मीठ घालून आणि चार महिने न घालून पाहिलं. पाय हलके वाटणं, झोप लागणं, टाच मऊ होणं, यांत कोणालाही फरक सांगता आला नाही. मीठ घातलं तर पाणी जरा रेशमी लागतं, इतकंच. घरातलं साधं किंवा सैंधव मीठ दोन मोठे चमचे घातलं तरी तेच. गुलाबपाकळ्या, लिंबाच्या फोडी वगैरे फोटोपुरत्या ठीक आहेत. भेगा असतील तर लिंबू आणि व्हिनेगर दोन्ही चांगलेच झोंबतात. तुरटीचा उपयोग मात्र आहे, पण तो पायाला घाम येणाऱ्यांना: ती कातडी आवळते, म्हणून कोरड्या टाचांच्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

‘शरीरातली घाण पायातून ओढून काढणारी’ इलेक्ट्रोडची यंत्रंही विकतात. त्यातलं पाणी तपकिरी होतं ते लोखंडी इलेक्ट्रोड मिठाच्या पाण्यात गंजल्यामुळे. पाय न घालता चालवलं तरी पाणी तपकिरीच होतं. त्यावर एक रुपया घालवू नये.

पाय बाहेर काढले की घड्याळ सुरू झालं समजा. कातडीच्या वरच्या मृत थरात पाणी मुरलेलं असतं, ते झपाट्याने उडतं. आधी वजरी. टाचेच्या कडेवर, एकाच दिशेने, हलक्या हाताने, प्रत्येक टाचेला दीड-दोन मिनिटं. ओला पांढुरका चोथा सुटतो तो मृत थर. खालची कातडी गुलाबी दिसायला लागली की थांबायचं. भेग खोल असेल तर भेगेवर न घासता तिच्या दोन्ही काठांवर घासायचं, कारण भेग पडते ती काठाची जाड, कडक झालेली कातडी वजनाखाली फाकते म्हणून. ब्लेडने खरवडणं पूर्ण बंद. एका बैठकीत सगळं गुळगुळीत करायला गेलात तर शरीर तिथे आणखी जाड थर धरतं.

मग पुसणं. जाड टर्किश टॉवेल बोटांच्या फटीत शिरतच नाही. जुना सुती पंचा उत्तम: त्याचं टोक प्रत्येक बेचकीतून एकदा आरपार ओढायचं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांमधली फट सगळ्यात अरुंद असते आणि चिखल्यांची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते, म्हणून तिथे दोनदा.

पुसल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत वंगण. दहा ते वीस टक्के युरिया असलेलं क्रीम टाचांना सर्वांत चांगलं लागू पडलं. युरिया पाणी धरूनही ठेवतो आणि जाड थर सैलही करतो. उघड्या भेगेत ते चुरचुरतं, तिथे साधी पेट्रोलियम जेली. आणि आपल्याकडचं कोकमतेल, मालवणीत ज्याला भिरंडेल म्हणतात, ते खरंच गुणाचं आहे. दादर-लालबागच्या कोकणी मालाच्या दुकानांत त्याचे पांढुरके, मेणासारखे घट्ट गोळे मिळतात. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे तळहातावर नुसतं चोळून लवकर पातळ होत नाही. सुपारीएवढा तुकडा स्टीलच्या वाटीत घालायचा आणि पाणी ओतण्याआधी बाजूला काढलेल्या कपभर कढत पाण्यात ती वाटी ठेवून द्यायची. पाय बाहेर येईपर्यंत तेल तयार. भेगेत बोटाने भरलं की थंड होऊन तिथेच थिजतं, आणि चालताना भेग पुन्हा फाकत नाही. बोटांच्या मध्ये यातलं काहीही लावू नये. वरून सुती मोजे घालावेत. त्याने वंगण चादरीला लागत नाही. तेलकट पायाने लादीवर घसरण्याचा धोका मात्र मोज्यांनीही पूर्ण टळत नाही. घरात सत्तरीची माणसं असतील तर हा धोका मोठा आहे.

इतकं नियमाने केलं तर वरवरच्या भेगा दोन-तीन आठवड्यांत भरल्या, खोल भेगांना दीड महिना लागला. मागे पट्टा नसलेली सपाट चप्पल आणि ओट्यापाशी अनवाणी तासन्‌तास उभं राहणं चालूच ठेवलं, तर मात्र त्या पुन्हा येतात.

थकव्याचं काय? विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर उभ्याने करणाऱ्याला संध्याकाळी पाय पाण्यात सोडल्यावर जे बरं वाटतं ते खरंच असतं. ऊब मिळाली की रक्तवाहिन्या रुंदावतात, तळव्याचे आवळलेले स्नायू सैल होतात. पण पाय सुजले असतील तर गरम पाण्याने सूज वाढते. तेव्हा साधं नळाचं पाणी वापरायचं, आणि नंतर पंधरा मिनिटं पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. घोटा मुरगळला असेल तर पहिले दोन दिवस गरम पाणी नाहीच. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेत कळ येणाऱ्यांनी शेकल्यावर लगेच पंचा चवड्याला अडकवून पाऊल स्वतःकडे ओढावं, तीस सेकंद, तीन वेळा. त्या दुखण्यात ताण देण्याचा उपयोग जास्त. पाण्याने तो देणं सोपं होतं.

झोपेसाठी वेळ महत्त्वाची. झोपण्याच्या तासभर आधी केलं तर पायातून उष्णता बाहेर पडते, अंगाचं आतलं तापमान उतरतं आणि डोळा लवकर लागतो.

पावसाळ्याबद्दल जरा कळकळीने सांगायचं आहे. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या पाणी तुंबणाऱ्या ठिकाणाहून चालत आल्यावर पाय थेट टबात घालू नका. साचलेल्या पाण्यात उंदीर-गुरांचं मूत्र असतं, आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू बारीक खरचटीतूनही शिरतात. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, खरचटलंय का ते बघा. जखम असेल आणि घाण पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. महापालिकाही दर पावसाळ्यात हेच सांगते. चिखल्या झालेल्या पायांना तर भिजवण्याची गरजच नसते. त्यांना कोरडेपणा आणि बुरशीचं मलम लागतं. अशा माणसाचा टब आणि पंचा वेगळा ठेवावा.

मधुमेह असलेल्यांनी पाय भिजवत बसू नये, हे घराघरात ठणकावून सांगायला हवं. बधिर झालेल्या पायाला ४० आणि ५० मधला फरक कळत नाही, फोड आला तरी दुखत नाही, आणि जखम महिनोन्‌महिने चिघळते. त्यांनी कोमट पाण्याने पाय धुवावेत, टिपावेत, क्रीम लावावं आणि रोज तळवे आरशात बघावेत. पायाकडे रक्तपुरवठा कमी असणाऱ्यांनी आणि उघडी जखम असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

आता वस्तूंचा हिशेब. विजेच्या फूट स्पाची किंमत फोल्डिंग टबाच्या तिप्पट-चौपट. त्याचा हीटर ४५० वॉटचा. गार पाणी ४० पर्यंत न्यायला वीस मिनिटांच्या वर लागतात, म्हणून गरम पाणीच ओतावं लागतं आणि हीटर फक्त ते टिकवतो. बुडबुडे चालू केले की खोलीतली हवा पाण्यात शिरते आणि पाणी उलट लवकर निवतं. मीठ, तेल, साबण काहीच चालत नाही. तळाच्या रोलरमध्ये केस आणि कातडीचा चोथा अडकतो, तो टूथब्रशने काढायला दहा मिनिटं जातात. वापरायचाच असेल तर अर्थिंगच्या तीन पिनी सॉकेटवर, कोरड्या लादीवर, आणि पाणी ओतून देण्याआधी प्लग काढून. आमच्याकडे तो नोव्हेंबरपासून माळ्यावर आहे.

फोल्डिंग टब मिटल्यावर दहा सेंटिमीटर जाडीचा होतो आणि फ्रिजमागे मावतो. मुंबईच्या घरात हा मोठाच गुण. दोष दोन. पाचव्या महिन्यात तळाच्या बुचातून थेंब थेंब गळायला लागलं. हार्डवेअरच्या दुकानातला रबरी वॉशर घातल्यावर थांबलं. दुसरा दोष घड्यांचा. ओला टब मिटून ठेवला की आठवड्यात घडीत काळी बुरशी धरते, पावसाळ्यात तर चार दिवसांत. प्रत्येक वेळी भांड्यांच्या साबणाने धुऊन, पूर्ण उघडा, उलटा वाळवायचा. आठवड्यातून एकदा पाच लिटर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीच, दहा मिनिटं, मग भरपूर पाण्याने खळबळून घ्यायचा. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. तलावांचं पाणी मऊ असल्याने टबाला क्षार धरत नाहीत, पण टँकर किंवा बोअरवेलचं पाणी असलेल्या सोसायटीत कडेला पांढरी रेघ उमटते. ती व्हिनेगरच्या फडक्याने निघते, तेही ब्लीच न वापरलेल्या दिवशी.

माळ्यावर पडलेलं मोठं प्लास्टिकचं घमेलं असेल, तळ सपाट आणि तीस सेंटिमीटरच्या वर असेल, तर नवीन काहीच घेऊ नका. त्या पैशांत वजरी, युरियाचं क्रीम आणि कोकमतेलाचे दोन गोळे येतात.